डेल्फ्टचं चित्र कसं बघायचं: उजेड, माप आणि मूड, अगदी पहिल्यापासून

शहराचं चित्र समोर आलं की बहुतेक जण आधी ओळखायला लागतात, हे चर्च कुठलं, हा पूल कुठला, हे अजून तिथे आहे का, आणि एकदा नाव कळलं की पुढच्या चित्राकडे वळतात. दुसरा प्रकार म्हणजे "किती शांत वाटतंय ना" असं म्हणून थांबणं. ही सुरुवात ठीक आहे पण ते शांत का वाटतंय हे शोधायला लागलात की खरी मजा येते, आणि ते शोधता येतं, त्याला कलेची डिग्री लागत नाही, कागदाची पट्टी, फोन आणि अर्धा तास पुरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मूड शेवटी बघा. आधी उजेड कुठे पडलाय ते बघा, मग माणसं किती लहान आहेत ते मोजा, मूड त्या दोन गोष्टींमधून तयार झालेला तुम्हाला आपोआप सापडेल.

कालव्यांच्या शहरांची चित्रं म्हटलं की सगळे व्हेनिसकडे धावतात. आपण नेदरलँड्समधल्या डेल्फ्टपासून सुरुवात करू, योहानेस व्हर्मीरने 1660-61 च्या सुमारास रंगवलेलं "डेल्फ्टचं दृश्य". व्हर्मीर डेल्फ्टमध्येच जन्मला (1632), तिथेच राहिला, तिथेच 1675 मध्ये वारला. त्याची आज जेमतेम 37 च्या आसपास चित्रं मानली जातात आणि त्यात शहराची फक्त दोन, एक हे आणि दुसरं एका गल्लीचं जे अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. म्हणजे आयुष्यभर खोलीतल्या खिडकीचा उजेड रंगवणारा माणूस एकदा बाहेर आला आणि त्याने अख्खं शहर रंगवलं. नवख्यांसाठी मी हेच चित्र सुचवते कारण यातल्या गोष्टी मोजून तपासता येतात.

आधी तयारी

चित्र हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर मोठ्या रिझोल्यूशनमध्ये फुकट बघायला मिळतं. इमेज सर्चमध्ये जे पहिलं येईल ते उघडू नका, कारण प्रत्येक ठिकाणी रंग वेगळे असतात, कुठे सगळं पिवळट, कुठे आकाश भडक निळं, आणि आपण उजेडाबद्दल शिकायला बसलोय तर निदान उजेड तरी धड हवा. फोनचा नाइट मोड, ब्लू लाइट फिल्टर जे काही असेल ते बंद करा. लॅपटॉप असेल तर उत्तम. शेजारी एक कागदाची लांब पट्टी, पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा, वर्तमानपत्रं कशाला ते पुढे सांगते.

चित्राखालची माहिती आत्ता वाचू नका.

पायरी 1: डोळे किलकिले करा

पूर्ण चित्र स्क्रीनवर मावेल असं ठेवा, मागे सरका, आणि डोळे इतके बारीक करा की खिडक्या, माणसं, बोटी सगळं दिसेनासं होईल. आता फक्त गडद आणि उजळ डाग उरतील. हे चित्रकलेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि लोक दुसऱ्या आठवड्यात विसरतात, पण याच्याएवढा उपयोगी उपाय दुसरा नाही. जमत नसेल तर स्क्रीनशॉट काढून फोनच्या एडिटमध्ये रंग शून्यावर आणा म्हणजे चित्र काळंपांढरं होईल.

काय दिसतं ते बोटाने दाखवत जा. वरच्या कडेला एक गडद ढग आहे. त्याच्या खाली पांढरे फुगलेले ढग आणि निळं आकाश. मग शहराची एक आडवी गडद पट्टी. त्याखाली पाणी, तेही बरंच गडद, आणि सगळ्यात खाली डावीकडे वाळूसारख्या फिकट रंगाचा काठ. पण शहराच्या त्या गडद पट्टीच्या मागे, मधोमधच्या थोडं उजवीकडे, एक उजळ तुकडा आहे, तिथे चर्चचा टॉवर आणि आजूबाजूची काही छपरं उन्हात आहेत. काळ्यापांढऱ्यात तो तुकडा लगेच डोळ्यात भरतो, आणि नीट बघितलंत तर लक्षात येईल की पूर्ण चित्रात तुमची नजर परत परत तिथेच जात होती.

पायरी 2: उजेड कुठून येतोय आणि कुठे अडतोय

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई नको.

नेहमीच्या निसर्गचित्रात काय असतं, जवळचं ठळक आणि उजळ, लांबचं फिकट. व्हर्मीरने इथे उलटं केलंय. आपल्या समोरची जवळची इमारतींची रांग, म्हणजे शहराची तटबंदी आणि तिच्या दोन वेशी, ढगाच्या सावलीत आहेत, आणि मागचं शहर उन्हात. आपल्याकडे श्रावणात घाटात उभं राहिलं की हेच दिसतं ना, आपल्यावर मळभ आणि समोरच्या डोंगराच्या एकाच पट्ट्यावर लख्ख ऊन, आणि मग पाय इथे असले तरी मन तिकडे जातं. चित्रात अगदी तेच होतं, उजेड मागे असल्यामुळे आपल्याला शहराच्या आत जावंसं वाटतं, आणि समोर मात्र पाणी, भिंत आणि बंद वाटणाऱ्या सावलीतल्या वेशी.

आता वरचा गडद ढग बोटाने किंवा कागदाने झाका. झाकल्यावर समोरच्या इमारती अंधाऱ्या का आहेत याचं कारणच नाहीसं होतं, आणि चित्र एकदम सपाट, कार्डावरच्या फोटोसारखं वाटायला लागतं. ढग काढा, परत ठेवा, दोनचारदा करा. वरचा ढग आणि खालची सावली ही एकच गोष्ट आहे, दोन टोकांना रंगवलेली, आणि त्यातून आपल्याला कळतं की हा ढग आत्ता आपल्या डोक्यावर आहे आणि थोड्या वेळाने सरकेल.

दिशा बघू. आपण शहराच्या दक्षिणेला उभे आहोत आणि उत्तरेकडे बघतोय. उजवीकडे पूर्व. ऊन उजवीकडून येतंय, म्हणजे सकाळ. मधल्या वेशीवर (ही स्कीडामची वेस) एक घड्याळ आहे, झूम करून बघा, ते सकाळचे सात दाखवतं की आठ यावर अभ्यासकांमध्ये चर्चा चालते कारण त्या काळच्या अशा घड्याळांना बऱ्याचदा एकच काटा असायचा. आपल्याला एवढं पुरे की ऊन कोवळं आहे आणि घड्याळ त्याला दुजोरा देतंय.

आता उन्हातल्या तुकड्यात जा, पूर्ण झूम. तो टॉवर न्यूवे केर्कचा, म्हणजे नव्या चर्चचा. या चर्चमध्ये विल्यम ऑफ ऑरेंजची समाधी आहे, ज्याचा 1584 मध्ये डेल्फ्टमध्येच खून झाला आणि ज्याला डच लोक आपल्या देशाचा जनक मानतात. व्हर्मीरच्या पिढीसाठी ती जागा किती मानाची असेल हे सांगायला नको. ऊन नेमकं तिथेच पडणं हा योगायोग नसावा असं बऱ्याच जाणकारांना वाटतं आणि मलाही तसंच वाटतं. जुन्या चर्चचा शेंडा पण चित्रात आहे, डावीकडे छपरांच्या मागे, पण तो शोधावा लागतो. दोन चर्च, एकाला ऊन, एक जवळजवळ गायब.

टॉवरच्या जाळीतून पलीकडचं आकाश दिसतं, म्हणजे आत घंटा नाहीत. 1660-61 च्या सुमारास तिथे नवीन घंटा बसवण्याचं काम चाललं होतं, आणि चित्राची तारीख ठरवताना हा एक धागा वापरला जातो.

सावलीतले रंगही बघून घ्या. सावली म्हणजे काळा रंग हा नवख्यांचा मोठा गैरसमज असतो. समोरच्या भिंती तपकिरी, निळसर, लालसर आहेत, प्रत्येक वीट सावलीतही वीटच दिसते. डाव्या हाताच्या लांब लाल छपरावर झूम करा, तिथे रंगाचा पोत दाणेदार आहे, गुळगुळीत नाही, त्यामुळे कौलं खरखरीत वाटतात. उलट उन्हातली छपरं पिवळी-गुलाबी आणि मऊ आहेत, त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या.

पायरी 3: कागदाची पट्टी घ्या

स्क्रीनवर चित्राच्या कडेला पट्टी उभी धरा आणि चार खुणा करा: आकाश संपतं कुठे, शहर संपून पाणी सुरू होतं कुठे, पाणी संपून अलीकडचा काठ सुरू होतो कुठे, आणि चित्राची तळाची कड. आता पट्टी बाजूला घेऊन बघा. आकाशाने अर्ध्याहून जास्त जागा घेतलीय! शहर, ज्याचं हे चित्र आहे म्हणून आपण बघायला आलो, ते एक बारीक पट्टी आहे. त्या पट्टीतून फक्त टॉवर आणि वेशींचे शेंडे वर येतात.

म्हणजे व्हर्मीरने डेल्फ्ट मोठं करून दाखवलं नाही. मोठं आकाश ठेवलं, त्याखाली शांत आडवं शहर ठेवलं, त्याखाली आडवं पाणी. आडव्या रेषा जास्त असल्या की डोळा हळू फिरतो, हे तुम्ही कुठल्याही चित्रात तपासून बघा. आणि ही रेषा इतकी आडवी प्रत्यक्षात नव्हती. त्याच वेशींची नंतरच्या काळातली रेखाटनं उपलब्ध आहेत, ती शेजारी ठेवली तर कळतं की खऱ्या इमारती जास्त पुढेमागे आणि उंचसखल होत्या, व्हर्मीरने त्यांना जरा एका ओळीत आणलं. जे लोक या चित्राला "अगदी फोटो" म्हणतात त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

पायरी 4: माणसं मोजा

डावीकडच्या काठावर पुढेच दोन बायका बोलत उभ्या आहेत. अजून डावीकडे बोटीजवळ चारपाच जण आहेत, एकीच्या कडेवर मूल आहे. ही बोट म्हणजे घोड्याने ओढली जाणारी प्रवासी बोट, अशा बोटी डच शहरांमध्ये ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालायच्या, म्हणजे ही मंडळी आपल्या एसटी स्टँडवरच्या लोकांसारखी गाडीची वाट बघतायत असं धरायला हरकत नाही.

कागदाच्या पट्टीवर एका बाईची उंची खूण करा आणि चित्राच्या पूर्ण उंचीत ती किती वेळा बसते ते मोजा. साधारण दहाच्या पुढेमागे येईल. आता तीच उंची पलीकडच्या वेशीशेजारी नेऊन ठेवा. थांबा, ही तुलना सरळ नाही, कारण बायका अलीकडे आहेत आणि वेस पाण्यापलीकडे, म्हणून पलीकडच्या काठावरची माणसं शोधा. झूम केल्याशिवाय सापडणार नाहीत, अगदी ठिपके. त्यांच्याशी वेशीची तुलना करा मग वेस किती मोठी आणि पाणी किती रुंद याचा खरा अंदाज येईल. स्केल वाचायची पद्धत हीच: जवळचं माणूस, लांबचं माणूस, आणि त्या दोघांमधला फरक म्हणजे अंतर.

अजून एक गोष्ट माणसांवरून कळते आणि ती मला फार आवडते. त्या बायकांची डोकी पलीकडच्या काठाच्या रेषेच्या बरीच खाली आहेत. आपण जर त्यांच्या शेजारी जमिनीवर उभे असतो तर त्यांची डोकी आपल्या डोळ्यांच्या पातळीला, क्षितिजाच्या आसपास आली असती. ती खाली आहेत म्हणजे आपण वर आहोत, बहुधा एखाद्या घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत. आपण त्या गर्दीत नाही, वरून बघतोय, कोणी आपल्याकडे बघत नाही. शांत वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते भूमितीतून आलंय.

या काठावर आधी अजून एक पुरुष रंगवला होता, तपासणीत सापडलाय, व्हर्मीरने नंतर तो बुजवला. पुढच्या मोकळ्या जागेकडे बघताना हे लक्षात ठेवा, ती जागा त्याने मुद्दाम रिकामी केलीय.

पायरी 5: वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी

स्क्रीनवर सगळी चित्रं सारख्याच मापाची होतात आणि त्यामुळे अर्ध्या गोष्टी कळतच नाहीत. हे चित्र 96.5 सेंमी उंच आणि 115.7 सेंमी रुंद आहे, म्हणजे सव्वातीन फुटाला थोडं कमी बाय पावणेचार फुटाला थोडं जास्त. वर्तमानपत्राची पानं जोडून तेवढा आयत करा आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. मागे जाऊन उभे राहा. मग त्यावर पेन्सिलने पायरी 3 मधल्या खुणा करा आणि त्या बाईची उंची आखा. आकाश केवढं येतं बघा, आणि बाई तुमच्या तळहाताएवढी. व्हर्मीरची खोलीतली बरीच चित्रं याच्यापेक्षा खूप लहान आहेत, त्याच्या मानाने हा मोठा कॅनव्हास होता. 1696 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याच्या 21 चित्रांचा लिलाव झाला तेव्हा सगळ्यात जास्त किंमत यालाच आली, 200 गिल्डर.

पायरी 6: पाणी

पाणी म्हणजे निळा रंग असं समजून नवीन माणूस रंगवतो आणि बघतो सुद्धा. इथे निळं पाणी शोधून दाखवा! ते तपकिरी आहे, राखाडी आहे, भिंतींच्या सावलीचं आहे, आणि जिथे आकाश पडतं तिथेच फिकट आहे. वाऱ्याने अगदी बारीक थरथर आहे त्यामुळे प्रतिबिंबं आरशासारखी नाहीत, खाली ओघळल्यासारखी लांब झालीत.

उजवीकडे जोड बुरुजांची वेस आहे, रॉटरडॅमची वेस. तिचं प्रतिबिंब बघा, ते पाणी ओलांडून आपल्या बाजूपर्यंत येतं. एक्स-रे मध्ये दिसलंय की आधी ते आखूड होतं आणि व्हर्मीरने नंतर खाली ओढून लांब केलं. कशासाठी केलं असेल ते तुम्हीच करून बघा: त्या प्रतिबिंबाचा खालचा भाग कागदाने झाका. पलीकडचं शहर आणि अलीकडचा काठ एकदम सुटे होतात, मध्ये नुसतं पाणी उरतं. कागद काढला की ती गडद उभी पट्टी दोन्ही काठ परत बांधते. आडव्यावर आडवं रचलेल्या या चित्रात असे उभे धागे फार थोडे आहेत म्हणून प्रत्येकाला काम आहे.

त्याच वेशीजवळ ज्या बोटी आहेत (हेरिंग मासे पकडायच्या) त्यांच्यावर झूम करा. लाकडावर छोटे छोटे उजळ ठिपके दिसतील, मण्यांसारखे. बोट सावलीत आहे, ओल्या लाकडावर इतकी चमक प्रत्यक्षात दिसेलच असं नाही, तरी त्याने टाकलीय आणि त्यामुळे पाणी जवळ आहे, हलतंय असं वाटतं. व्हर्मीर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून पडद्यावर दृश्य पाडणारी पेटी वापरायचा का हा जुना वाद आहे, हे ठिपके त्यात नेहमी पुरावा म्हणून येतात. त्याच्याकडे अशी पेटी होती असं सांगणारा कागद कुठे नाही. आणि असती तरी ढग कुठे थांबवायचा, कुठला माणूस बुजवायचा, प्रतिबिंब किती ओढायचं हे पेटीने ठरवलेलं नाही.

पायरी 7: आता मूड

इथपर्यंत आलात तर मूडबद्दल काही नवीन सांगायला फारसं उरलेलं नाही, फक्त जोडायचं आहे. डोक्यावर सरकणारा ढग, मागे ऊन, आडवं शहर, मोठं आकाश, आपल्याकडे न बघणारी लहान माणसं, उंचावरची आपली जागा, जवळजवळ थांबलेलं पाणी. "शांत" हा शब्द आता तुम्ही कारणांसकट वापरू शकता.

पण त्या शांततेला एक पार्श्वभूमी आहे आणि ती माहीत झाल्यावर माझ्यासाठी हे चित्र बदललं. 12 ऑक्टोबर 1654 ला डेल्फ्टमधल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला, शहराचा ईशान्येकडचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, शेकडो घरं गेली, आणि मेलेल्यांमध्ये कारेल फाब्रित्सियस हा फार गुणी चित्रकार होता. व्हर्मीर तेव्हा विशीत होता. चित्र त्यानंतर सहासात वर्षांनी काढलेलं. त्यात पडझड कुठे नाही. शहर अखंड, ऊन चर्चवर, लोक बोटीची वाट बघतायत. व्हर्मीरच्या मनात काय होतं ते कुठे लिहिलेलं नाही त्यामुळे त्याच्या तोंडी काही घालू नये, पण शहराच्या लोकांनी हे चित्र बघितलं असेल तेव्हा त्यांना ते नुसतं छान दृश्य वाटलं नसणार हे नक्की.

पायरी 8: दुसऱ्या शहरांवर करून बघा

एकाच चित्रावर शिकलेलं पक्कं होत नाही. तीन चित्रं सुचवते, याच क्रमाने घ्या.

पहिलं त्याच फाब्रित्सियसचं, 1652 चं डेल्फ्ट, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माप 15.5 बाय 31.7 सेंमी, म्हणजे ए फोर कागदापेक्षा किंचित लांब आणि उंचीला कमी! तेच न्यूवे केर्क त्यातही आहे, पण रस्ता वाकल्यासारखा दिसतो, वाइड अँगल लेन्समधून बघितल्यासारखा, पुढे सावलीत वाद्यं विकणारा माणूस मोठा आणि चर्च मागे बारीक. तेच शहर, तेच चर्च, पण माप बदललं की मूड किती बदलतो, इथे शांत वाटत नाही, जरा विचित्र, एकटं वाटतं.

दुसरं व्हेनिसचं, कानालेत्तो याचं "पाथरवटांचं आवार", साधारण 1725 चं, तेही नॅशनल गॅलरीत, 123.8 बाय 162.9 सेंमी. पुढे दगड घडवणारे कामगार, कोपऱ्यात धडपडलेलं लहान मूल आणि हात पसरून धावणारी आई, वाळत टाकलेले कपडे, खिडकीशी कोंबडा, आणि या सगळ्याच्या मागे ग्रँड कॅनॉल आणि पलीकडे उंच घंटाघर असलेलं चर्च. ते घंटाघर 1740 च्या दशकात कोसळलं, आज तिथे गेलात तर दिसणार नाही. इथे ढगांमधून उतरणारं ऊन तुकड्यातुकड्यांत पडलंय, पायरी 2 पूर्ण इथे लावा. कानालेत्तोचे वडील नाटकाचे पडदे रंगवायचे आणि तो त्यांच्याबरोबर काम करत शिकला, ते पुढच्या गडद भागात आणि मागच्या उजळ भागात जाणवतं. मग त्याची नंतरची, इंग्रज पर्यटकांसाठी काढलेली चित्रं बघा, तिथे सगळीकडे सारखं स्वच्छ ऊन आहे, प्रत्येक खिडकी मोजता येते, आणि मला ती बघताना कौतुक वाटतं पण थांबावंसं वाटत नाही. ही माझी आवड झाली, तुमची वेगळी असू शकते, फक्त कारण उजेडात शोधा.

तिसरं फ्रान्चेस्को ग्वार्दी याचं, मिलानच्या पोल्दी पेत्सोली म्युझियममधलं राखाडी खाडीवरच्या गोंडोल्याचं. छोटं चित्र आहे. त्यात मोजायला जवळजवळ काही नाही, पाणी आणि आकाश एकाच करड्या रंगात मिसळतात आणि मध्ये एक नाव. हे मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण इथे फक्त स्केल काम करतं.

पायरी 9: हाताने करा

चित्र काढता येत नाही म्हणून ही पायरी सोडू नका, हे चित्र काढणं नाहीच, नोंद आहे. पोस्टकार्डाएवढा कागद, 6बी पेन्सिल. आडवा आयत आखा, पट्टीवरच्या खुणांप्रमाणे चार भाग पाडा. मग फक्त तीन टोन वापरा: कोरा कागद, मधला राखाडी, गडद. खिडक्या नाहीत, माणसं नाहीत. वरचा ढग गडद, समोरचं शहर गडद, पाणी मधलं, चर्चजवळचा तुकडा कोरा. झाल्यावर हात लांब करून बघा, डेल्फ्ट ओळखू येतं. मग दुसऱ्या कार्डावर उलटं करा, समोरचं शहर कोरं आणि मागचं गडद ठेवा, बाकी सगळं तेच. या दोन कार्डांमध्ये मूडचा जो फरक दिसेल तो कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनापेक्षा लवकर डोक्यात बसतो. आपल्या गावातला घाट, बंदर, नदीकाठ यावर हेच करता येतं, फोटो काढण्याआधी तीन टोनचं कार्ड करा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

नेदरलँड्समध्ये शिकायला आणि नोकरीला असलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत, त्यांच्यासाठी हे. माउरित्सहाउसमध्ये गर्दी "मोत्याचा डूल घातलेली मुलगी" पुढे असते, ती व्हर्मीरचीच आहे, आणि त्या गर्दीत हे शहर बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. हे चित्र 1822 मध्ये विकत घेतलं गेलं, तेव्हापासून ते या म्युझियमच्या संग्रहात आहे. सकाळी उघडताच जा. आधी लांबून डोळे किलकिले करून, मग जवळून दाणेदार छपरं आणि बोटीवरचे ठिपके, मग परत लांबून.

त्याच दिवशी ट्रेनने डेल्फ्टला जा, हेगपासून अगदी जवळ आहे. जिथून चित्र घेतलं ती जागा म्हणजे दक्षिणेकडचा होइकाडे नावाचा काठ. पाणी आहे, न्यूवे केर्कचा टॉवर दिसतो, पण त्याचा आजचा उंच कळस 1872 मध्ये टॉवरवर वीज पडल्यानंतर बांधलेला आहे म्हणून चित्रापेक्षा टॉवर खूप उंच वाटेल, गोंधळू नका. चित्रातल्या दोन्ही वेशी 1830 च्या दशकात पाडल्या. त्यामुळे स्केल तिथे उभं राहून कळत नाही, त्यासाठी शहराच्या पूर्वेच्या वेशीला, ओस्टपोर्टला जा, जुन्या वेशींपैकी तेवढीच उरलीय, विटांची, जोड बुरुजांची, पाण्याला लागून. समोरच्या काठावर उभं राहून वेशीजवळून चालणाऱ्या माणसाची उंची पेन्सिलीवर धरा आणि वेशीत ती किती वेळा बसते ते मोजा, मग फोनवर चित्र उघडून रॉटरडॅमच्या वेशीजवळच्या ठिपक्याएवढ्या माणसाशी तीच मोजणी परत करा.